‘बरंय’वर थांबू नकोस

मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. स्तनाच्या कॅन्सरची ती बाई. ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशन, होऊन तीन वर्षं झालेली, मॅमोग्राफी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी या. आणि ती तुझ्या टेबलापाशी येऊन रडायला लागली. तू विचारतेस, आजारच उरला नाही तर मी तिला द्यायचं काय? आणि जाता जाता लिहून टाकलंस की तिच्या एकाच हातात बांगड्या होत्या, जरा विचित्र वाटलं.

विचित्र वाटलं, मग विचारलं का नाहीस?

रागावले म्हण हवं तर. तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकले : त्रासाचं नाव घेऊन विचार. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्नच नव्हे. त्याला आपल्याकडे एकच उत्तर असतं, ‘बरंय’. ज्याचा जीव वाचलाय त्याला तक्रार करायची लाज वाटते. मरणाच्या दारातून परत आलो, आता तोंड कोरडं पडतं हे काय सांगायचं? घरच्यांनी दागिने मोडलेले असतात, जमीन गहाण पडलेली असते. त्यांच्यासमोर ‘मला अजून त्रास होतो’ हे शब्द निघत नाहीत. म्हणून तो सांगेल याची वाट बघायची नाही. नाव घेऊन विचारायचं.

मला हे उशिरा कळलं. गालाच्या कॅन्सरचा एक शेतकरी होता. ऑपरेशन झालेलं, शेक झालेला, तंबाखू सुटलेली. दर तीन महिन्यांनी यायचा. मी केसपेपरवर वजन लिहायचे : ५८, ५४, ५१. ‘जेवण जातं ना?’ ‘जातं की सिस्टर, बरंय.’ पुढचा पेशंट. दीड वर्षानं एकदा दुपारी मी मागच्या जिन्याकडे गेले, तर तो भिंतीकडे तोंड करून बसलेला. बायकोनं भाकरी दुधात कुस्करून फडक्यातून गाळून आणली होती आणि चमच्यानं ती त्याच्या ओठांच्या फटीतून आत सोडत होती. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. माणसाची स्वतःची तीन बोटं दातांमध्ये उभी बसायला हवीत. हे बघायला दहा सेकंद लागतात. मी दीड वर्षात एकदाही बघितलं नव्हतं.

शेकानंतर जबड्याचे स्नायू आखडत जातात. सुरुवातीच्या महिन्यांत व्यायाम लावला तर पुष्कळ वाचवता येतं. लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. उशीर झाला की मग सहज सैल होत नाहीत. पुढे गावाकडे कुणीतरी त्याची दुखरी दाढ काढली. शेक बसलेल्या जबड्यातली दाढ आम्हाला विचारल्याशिवाय काढायची नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जखम भरली नाही. हाड उघडं पडलं.

तेव्हा ओपीडीत रोज सव्वाशे पेशंट आणि मी एकटी. वजनं, पेपर, रक्ताच्या बाटल्या, रांगेतली भांडणं. हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय, आणि ते खरंच आहे. पण ते आकडे माझ्याच अक्षरात होते गं.

मग मी एक वही केली. तिच्यात प्रश्न, पण पेशंटच्या बोलीत. ‘पायाला बधिरपणा आहे का?’ असं नाही. ‘चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं होतं का?’ केमोनं नसांवर परिणाम झालेल्या माणसाला हे चटकन समजतं. गळ्याला शेक झालेल्याला विचारायचं, ‘घरात सगळ्यांपेक्षा तुम्हालाच थंडी जास्त वाजते का?’ थायरॉइड हळूहळू मंदावते, सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी लागते, आणि तोवर घरचे त्याला आळशी म्हणत असतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या बाईला पडद्याआड ने आणि विचार, ‘नवरा जवळ आला की दुखतं का?’ शेकानं योनिमार्ग कोरडा पडतो, आखडतो. त्यावर उपाय आहेत, पण ती आपणहून कधीच बोलणार नाही. ‘घरात ताट-पेला वेगळा ठेवलाय का?’ हेही विचार. हो म्हणाली तर बरोबरच्या माणसांना आत बोलाव आणि तिच्यासमोर सांग, कॅन्सर उष्ट्यानं होत नाही.

तपासणीच्या आदल्या रात्री बहुतेकांना झोप नसते. तिथं ‘घाबरू नका’ म्हणू नकोस. त्यानं भीती जात नाही, बोलणं तेवढं बंद होतं. नेमकी कशाची भीती वाटते ते विचार. काय दिसलं तर तारखेची वाट न बघता यायचं, ते कागदावर लिहून दे. त्याच कागदावर कोणती औषधं झाली, शेक कुठं बसला, तेही लिही. गावच्या डॉक्टरांना तेवढाच आधार असतो.

एक डॉक्टर मला म्हणायचे, सिस्टर, गप्पा आवरा, रांग वाढतेय. नाही आवरल्या. माणशी तीन प्रश्न, दीड मिनिट. आजही कुणी म्हटलं तर मी आवरणार नाही. परळच्या टाटा रुग्णालयात कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांसाठी उपचारांनंतरचं वेगळं क्लिनिक १९९१ साली सुरू झालं. मुलांची वाढ, हृदय, शाळा, पुढं लग्न, मूलबाळ, सगळं तिथं विचारात घेतात. त्याला कुणी गप्पा म्हणतं का? मोठ्या माणसांसाठी मात्र बहुतेक ठिकाणी तुझं-माझं टेबलच असतं. आणि तू विचारतेस, द्यायचं काय!

आता ती बाई. सहा महिने थांबू नकोस. केसपेपरवर फोन नंबर असेल, उद्याच बोलाव. टेप घेऊन बस आणि दोन्ही हात मोज : मनगटापाशी, कोपराच्या खाली दहा सेंटिमीटरवर, कोपराच्या वर दहा सेंटिमीटरवर. कुठेही दोन सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर त्याच दिवशी फिजिओथेरपीला पाठव. हात लाल, गरम असेल, ताप असेल, तर आधी डॉक्टर. ऑपरेशन-शेकानंतर त्या बाजूच्या हाताला येणारी ही सूज लवकर सापडली तर व्यायाम, पट्टे, घट्ट बाही यांनी आटोक्यात राहते.

टेप काढण्याआधी मात्र तिला बसव, पाणी दे. त्या हातातल्या बांगड्या कधी वाढवल्या ते विचार, आणि तेव्हा घरात कुणी काही बोललं का तेही. ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
जुनी सिस्टर