मोठ्याला थॅलेसेमिया मेजर आहे, धाकटीची तपासणी आत्ताच करावी का?

मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवता, धाकटी नऊ वर्षांची आणि ठणठणीत, तरी घरचे म्हणतात की तिचीही तपासणी उरकून घ्या, पुढं लग्नात अडचण नको. लग्नासाठी म्हणून असेल तर मुळीच करू नका.

मेजर (आईबाप दोघांकडूनही दोष आलेली) असती तर पहिल्या दोन वर्षांतच कळलं असतं. म्हणजे ती मायनर (एकाकडूनच दोष आलेली, स्वतः आजारी नसलेली वाहक) असण्याची शक्यता तीनात दोन. मायनरला औषध नाही, पथ्य नाही. आज कळून तिच्या तब्येतीत काहीच बदलत नाही, पण ‘पोरीत दोष आहे’ ही बातमी सोलापुरात बाळीवेशीपासून विजापूर वेशीपर्यंत नात्यात पसरते. रिपोर्ट तिचा आहे. अठराची झाली की समजावून सांगा, तिच्या मर्जीनं करा.

हिमोग्लोबिन १०-११ वर अडून लोहाच्या औषधानंही हलत नसेल, तर मात्र आत्ता करा. नाहीतर पोर उगाच वर्षानुवर्षं लोह खात बसते. सीबीसीत (रक्तपेशींची साधी तपासणी) एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा आकार कमी आणि लाल पेशी ५० लाखांच्या वर, ही मायनरची खूण. मग एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी; जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन मिली रक्त पुरतं. त्यात एचबी ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर आला तर मायनर. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आधी बघा, कारण लोह कमी असलं की ए-टू खाली येतं आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल दिसतो.

भावाला बोन मॅरो (हाडातला रक्त बनवणारा मगज) देण्यासाठी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या खुणा, जुळवून बघायचं असेल तरीही करावं लागेल. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता २५ टक्के. मायनर बहीणही दाता होऊ शकते. तिला आधी सांगा: भूल देतात, कमरेच्या हाडातून काढतात, काही दिवस दुखतं. आणि जुळलं नाही तर त्यात तुझी काही चूक नाही, हेही तिच्या डोळ्यांत बघून सांगा.

खरी घाई मोठ्यांची आहे. तुमच्या दोघांच्या लग्नाच्या वयातल्या भावंडांची एचपीएलसी या महिन्यात करा, मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक ठरत असेल तर आधी. कुणाला दिवस गेले असतील तर नवरा-बायको दोघांचीही लगेच. दोघं मायनर निघाले तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी होते. पीसीपीएनडीटी कायद्यात (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) अशा आजारांसाठी तिला परवानगी आहे, फक्त नोंदणीकृत केंद्रात. त्यासाठी आईबापांचा नेमका जनुकदोष आधी माहीत लागतो. तुम्हालाही पुढचं मूल हवं असेल तर तुमची ही जनुकाची चाचणी दिवस जाण्याआधीच करून ठेवा.