हिरवळीच्या रोगांवर पीएच.डी. करावी का?

प्रश्न : वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. झाले आहे. मैदानी हिरवळीच्या बुरशीजन्य रोगांवर पीएच.डी.ची संधी चालून आली आहे. घरचे म्हणतात, गवतावर कसलं संशोधन! घेऊ का?

उत्तर : जरूर घ्या. मी याच शाखेत काम करते. घरच्यांना एकदा भल्या पहाटे, दव असताना, 'डॉलर स्पॉट' लागलेली हिरवळ दाखवा. नाण्याएवढे वाळके ठिपके आणि त्यांवर पांढरे बुरशीचे तंतू. ऊन चढलं की तंतू दिसेनासे होतात. पात्यावरचा डाग मध्ये फिकट, कडेला तांबूस. इतक्या ओळखीच्या या बुरशीला 'क्लॅरिरीडिया' ही स्वतंत्र प्रजाती (जीनस) म्हणून जागा मिळाली ती थेट २०१८मध्ये! त्यात एकाच जागी त्याच त्या फवारण्या होत राहिल्याने काही बुरशीनाशकांना ती आता दाद देत नाही. नत्र कमी पडलं, पाती रात्रभर ओली राहिली की रोग बळावतो. म्हणून खत, दव आणि प्रतिकारक वाण यांवर करण्यासारखं खूप आहे, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

होकाराआधी विद्यावेतन किती वर्षांचं, ते लेखी घ्या. मार्गदर्शकांना विचारा : कंपन्यांच्या औषधांच्या चाचण्यांखेरीज माझा स्वतःचा संशोधनप्रश्न कोणता? उत्तर गुळमुळीत आलं, तर मात्र घाई करू नका.