वाळूच्या फटीतून विषाणू सहज जातो, मग अडतो कुठे?

"वाळूच्या कणांमधल्या फटी विषाणूच्या शेकडो पट मोठ्या, मग नदीकाठच्या विहिरीचं पाणी सुरक्षित कसं?" हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. अशा विहिरीत नदीचंच पाणी काठच्या वाळूतून झिरपत येतं. वाळूला निव्वळ चाळणी मानलं तर त्याचं उत्तर मिळतच नाही.

चाळण्याचं काम होतं, पण मोठ्या जंतूंपुरतं. जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशी परजीवी साधारण ४ ते ६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नदीच्या तळाशी गाळ आणि सूक्ष्मजीवांचा जो चिकट थर साचतो, त्यात तो बराचसा अडकतो. हे फार मोलाचं आहे, कारण हा जंतू क्लोरीनला दाद देत नाही.

विषाणू आकाराने अडत नाही, तो कणाला चिकटतो. वाळूवर आणि विषाणूवर बहुधा ऋण भारच असतो, त्यामुळे खरं तर दोघांनी एकमेकांना दूर लोटायला हवं. पण कणांवर लोहाच्या ऑक्साइडचं पूट असेल किंवा पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असेल, तर विषाणू धरला जातो. पाण्यातले क्षार एकदम घटले की तो सुटूही शकतो. म्हणून माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा घटक म्हणजे वेळ. जमिनीखाली विषाणूला वाढायला यजमान पेशी मिळत नाही आणि तो हळूहळू निकामी होतो. थंड पाण्यात जरा सावकाश. जिवाणूंना तर तिथले प्रोटोझोआ (एकपेशी सूक्ष्मजीव) खातातही. जर्मनीत विहिरीभोवतीचं संरक्षित क्षेत्र आखताना भूजलाच्या ५० दिवसांच्या प्रवासाचं अंतर धरतात, ते याच हिशेबाने. (डुसेलडॉर्फ १८७० पासून ऱ्हाईनकाठच्या विहिरींचं पाणी वापरतं.)

खरी कसोटी पुरात लागते. प्रवाह तळाचा थर खरवडून नेतो, नदीची पातळी चढल्याने पाणी विहिरीकडे जोरात ढकललं जातं आणि प्रवासाचे दिवस घटतात. नेमकी तेव्हाच नदीत घाण सर्वाधिक असते. त्यामुळे कोरड्या दिवसांतल्या नमुन्यावर विसंबू नका. नदीचं आणि विहिरीचं तापमान व विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) रोज नोंदवा. नदीतला बदल विहिरीत किती दिवसांनी उमटतो, यावरून प्रवासाच्या वेळेचा अंदाज येतो. तो अचानक लवकर उमटू लागला, तर ई. कोलायची (विष्ठेचं प्रदूषण दाखवणाऱ्या जिवाणूची) तपासणी लगेच वाढवा.

आणि क्लोरीन बंद करू नका. हरिद्वारला गंगाकाठच्या विहिरींचं पाणीसुद्धा क्लोरीन घालूनच पुरवतात.