पोच घेतलीत का? मानवी हक्क आयोग आणि तालुक्यातल्या सेवा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या काही पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न (मिरज तालुका): आमच्या भागात एक गृहस्थ ‘मानवाधिकार जिल्हाध्यक्ष’ असं ओळखपत्र दाखवतात. त्यावर तीन सिंहांची मुद्रा आहे. तक्रार नोंदवून देण्याचे ते पैसे मागतात. जिल्ह्यात आयोगाचं खरं कार्यालय कुठे आहे?

उत्तर: कुठेही नाही. सांगलीत नाही आणि साताऱ्यातही नाही. मानवी हक्क संरक्षण अधिनियम 1993 नुसार देशासाठी राष्ट्रीय आयोग आहे आणि राज्यासाठी राज्य आयोग. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग 2001 पासून काम करतो. त्याचं कार्यालय मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारीमल सोमाणी मार्गावर आहे. आयोगाला जिल्हाध्यक्ष नसतात, तालुकाध्यक्ष नसतात आणि सभासदांची कार्डंही नसतात. तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. साध्या कागदावर लिहून टपालाने पाठवलेली तक्रार चालते.

राजमुद्रेचा असा वापर 2005 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ओळखपत्राचा फोटो काढून ठेवा, पैसे देऊ नका आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. मानवी हक्कांवर तळमळीने काम करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. त्या स्वतःला आयोग म्हणवत नाहीत आणि मुद्राही वापरत नाहीत. फरक ओळखायला एवढं पुरेसं आहे.

प्रश्न (खटाव तालुका): गावाबाहेर पारधी कुटुंबांची वस्ती आहे. ‘जागा तुमच्या नावावर नाही’ म्हणून ग्रामपंचायत नळ देत नाही, अर्जही घेत नाही. आयोगाकडे तक्रार कशी लिहायची?

उत्तर: ‘जागा नावावर नाही’ हे कारण पाण्याच्या बाबतीत टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2014 रोजी पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल दिला. घर बेकायदा जागेवर आहे एवढ्या कारणाने पिण्याचं पाणी नाकारता येणार नाही आणि पाणी हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं आहे. मात्र अधिकृत रहिवाशांइतक्याच सोयीचा हक्क न्यायालयाने मान्य केलेला नाही. म्हणून घरटी नळजोडणी मागण्यापेक्षा वस्तीलगत सार्वजनिक नळ मागा. जोडणीवर अडून राहिलेले अर्ज मालकीच्या मुद्द्यावर फेटाळणं सोपं जातं. सार्वजनिक नळाला तो मुद्दा लावता येत नाही.

आता कागद. आधी ग्रामपंचायतीला अर्ज द्या. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणतो ते, अर्ज घेत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपून ठेवा आणि पोहोचल्याची नोंद छापून घ्या. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या आणि तिथे मात्र शिक्का, सही, तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. महिनाभरात काही हललं नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा: ‘आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्या नस्तीच्या प्रती द्या.’ त्याचं उत्तर 30 दिवसांत यायला हवं. ते आलं तर पुरावा होतो. नाही आलं तरी तेही तक्रारीत लिहिता येतं.

आयोगाकडच्या तक्रारी बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. लोक लिहितात, ‘गावकरी आम्हाला माणूस समजत नाहीत.’ ते खरं असतं आणि ते सोसणं फार जड असतं. पण आयोगाचं काम लोकसेवकाने केलेल्या हक्कभंगाची, किंवा हक्कभंग रोखण्यात त्याने केलेल्या हयगयीची चौकशी करणं हे आहे. तक्रारीत लोकसेवकच नसेल तर ती दाखल करून घेतली जात नाही. म्हणून पहिल्याच परिच्छेदात कोणत्या पदावरच्या माणसाने, कोणत्या तारखेला, काय नाकारलं ते लिहा. पुढे वस्तीत किती कुटुंबं आणि किती मुलं आहेत, सध्या पाणी कुठून आणि किती अंतरावरून आणता ते आकड्यांत लिहा. शेवटी नेमकं काय हवं ते एका वाक्यात मागा. हाच विषय कोर्टात किंवा दुसऱ्या आयोगापुढे नाही, हेही लिहा. असेल तर तक्रार घेतली जात नाही. म्हणूनच एकच तक्रार ‘कुठेतरी लागेल’ म्हणून चार आयोगांना पाठवू नका. निनावी आणि न वाचता येणारे अर्जही बाद होतात. वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, पण पत्रव्यवहारासाठी एकाच माणसाचा पक्का पत्ता आणि मोबाईल द्या. पालावर टपाल पोहोचत नसेल तर शाळेतल्या शिक्षकांचा किंवा ओळखीच्या दुकानदाराचा पत्ता त्यांना विचारून द्या.

मुदत एक वर्षाची आहे. अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे घटनेला वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. ‘दहा वर्षांपासून पाणी नाही’ एवढंच लिहिलं तर अर्ज मुदतबाह्य ठरण्याची भीती असते. म्हणून नवा अर्ज करून नव्या नकाराची तारीख हातात घ्या.

आणखी एक गोष्ट. पारधी समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहे. गावातलं कुणी सार्वजनिक विहिरीवर किंवा नळावर येऊ देत नसेल तर तो अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा आहे. त्यासाठी आयोगाची वाट पाहू नका, थेट पोलीस ठाण्यात जा.

प्रश्न (कराड): आम्ही कैकाडी समाजाचे. मुलाच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज तीन महिने पडून आहे. ‘1961 चा पुरावा आणा’ असं तोंडी सांगतात. हा हक्कभंग नाही का?

उत्तर: उशीर हा हक्कभंगच आहे, पण त्याचं दार वेगळं आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली पहिलं अपील 30 दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचं. दुसरं अपील त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, पुन्हा 30 दिवसांत. तिसरं 60 दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे. नावात आयोग असला तरी हा मानवी हक्क आयोग नव्हे. सातारा आणि सांगली पुणे महसूल विभागात येतात, म्हणून हे तिसरं अपील त्या आयोगाच्या पुणे विभागाकडे करायचं. कसूर सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होतो, आणि हा धाक कामाला येतो. सेवेची ठरलेली मुदत आणि अपील अधिकाऱ्याचं पद कार्यालयातल्या फलकावर असायलाच हवं. अडचण होते ती सेतूत: कागद ठेवून घेतात आणि अर्ज क्रमांक देत नाहीत. क्रमांक नसेल तर मुदत मोजायला सुरुवातच होत नाही.

पुराव्याची अट मात्र कर्मचाऱ्याच्या मनची नाही. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 ही मानीव तारीख आहे. त्याआधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला हवा. आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांचा शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), सगळीकडे शोधा. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून प्रमाणित लिप्यंतर जोडा. आईकडचे कागद आणून लोक वर्ष घालवतात. ते चालत नाहीत. आणि तोंडी नकार घेऊ नका. कारणांसह लेखी आदेश मागा, कारण 2001 च्या जात प्रमाणपत्र कायद्याखालचं अपील त्या आदेशापासून 30 दिवसांत करायचं असतं.

प्रश्न (जत तालुका): आमची मातृभाषा कन्नड. आईला मराठी वाचता येत नाही. सरकारी दवाखान्यात मराठी संमतीपत्रावर अंगठा घेतला. तक्रार कन्नडमध्ये करता येईल का?

उत्तर: येईल. अनुच्छेद 350 प्रमाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरी सोबत अर्ध्या पानाचा मराठी गोषवारा जोडा, म्हणजे भाषांतरापायी फाईल अडकणार नाही. रुग्णाला न समजलेल्या कागदावर घेतलेला अंगठा ही खरी संमती नव्हे. आधी केसपेपर आणि संमतीपत्राच्या प्रती मागा. मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या आणि सीमाभागातल्या दवाखान्यांत कन्नड नमुना ठेवावा, ही मागणीही करा. जत तालुक्यात कन्नड शाळा चालतात, मग कन्नड संमतीपत्र का नसावं?

प्रश्न (वाई): जातपंचायतीने वाळीत टाकलं आहे. आयोग काही करेल?

उत्तर: आधी पोलीस. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधाचा 2016 चा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलिसांनी तक्रार नाकारली तर त्या नकाराविरुद्ध आयोगाकडे जा.

प्रश्न (ईश्वरपूर, पूर्वीचं इस्लामपूर): आयोगाकडे तक्रार दिली. पुढे काय होतं?

उत्तर: प्रकरण क्रमांक मिळतो. मग आयोग संबंधित खात्याकडून, म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांच्याकडून अहवाल मागवतो. तो अहवाल म्हणणं मांडण्यासाठी तुमच्याकडे येतो, आणि इथेच बरीच माणसं हरतात. ‘अर्जदाराने खोटी तक्रार केली आहे’ असं वाचून ती खचतात आणि उत्तरच देत नाहीत. मग प्रकरण बंद होतं. अहवालातला चुकीचा मुद्दा घ्या, समोर तारीख आणि पोच लावा, ठरल्या मुदतीत पाठवा. आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. शेवटी तो भरपाईची, कारवाईची शिफारस करतो आणि सरकारने महिनाभरात, किंवा आयोगाने वाढवून दिलेल्या मुदतीत, काय केलं ते कळवायचं असतं. शिफारस बाजूला पडली तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे त्याखाली येतात, त्यामुळे त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. वकील लावणं परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.