नऊ वर्षांच्या मुलाचे वाकडे पाऊल : शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचे उजवे पाऊल जन्मतः आत वळलेले आहे. तान्हेपणी सुरू केलेली प्लास्टर आम्ही अर्धवट सोडली. आता फार उशीर झाला का?
– एक आई

उत्तर : उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही, स्वतःला दोष देत बसू नका. मुलाची जुनी चप्पल पाहा; तिची बाहेरची कड झिजलेली असेल आणि पावलावर तिथेच जाड घट्टा पडला असेल. सगळे वजन त्या कडेवर पडत असल्यामुळे उपचार आणखी लांबवू नयेत.

मात्र थेट मोठ्या शस्त्रक्रियेची घाई करू नये, असे माझे मत आहे. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेतील आयोवा येथे विकसित केलेली, पाऊल हलक्या हाताने थोडे थोडे फिरवून मांडीपर्यंत प्लास्टर घालण्याची पद्धत या वयातही पुष्कळ मुलांना उपयोगी पडते आणि त्यामुळे पुढची शस्त्रक्रिया लहान होते. उरलेल्या दोषासाठी टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, तर स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी कंडरा) लांबवतात किंवा नडगीपुढच्या स्नायूची शीर पावलाच्या बाहेरच्या बाजूला बसवतात. पाऊल फारच ताठर असेल, तर हाडाची पाचर काढणे किंवा इलिझारोव्ह चौकट (हाडांतून तारा घालून पायाभोवती बसवलेली धातूची चौकट, जिने पाऊल हळूहळू सरळ करतात) लावणे हे मार्ग आहेत. सांधे कायमचे जोडण्याची शस्त्रक्रिया मात्र हाडांची वाढ पूर्ण होत आल्यावरच करावी.

पोटरी थोडी बारीकच राहील, पण तळवा जमिनीला सपाट टेकू शकेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी या व्यंगाचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.