नोकरीचे पत्र आणि मित्रांना दिलेला शब्द

प्रश्न: मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्गमित्रांबरोबर मी छोट्या दवाखान्यांसाठी रुग्णांच्या भेटीच्या वेळा ठरवणारे सॉफ्टवेअर तयार केले असून सध्या सहा दवाखाने ते मोफत वापरतात. त्याचे बहुतेक प्रोग्रामिंग मीच केले आहे. मला एका कंपनीचे नियुक्तिपत्र मिळाले आहे आणि तीन महिन्यांनी रुजू व्हायचे आहे. शैक्षणिक कर्जाचे हप्तेही त्याच सुमारास सुरू होतील. मित्र म्हणतात, आता नोकरी धरलीस तर व्यवसाय संपलाच, ही संधी पुन्हा येणार नाही. नोकरी स्वीकारली तर तो त्यांचा विश्वासघात ठरेल का?

उत्तर: तुमच्या पत्रात व्यवसाय चालेल की नाही, हा प्रश्न कुठेच नाही, मित्रांना काय वाटेल, हाच आहे. त्यामुळे आधी त्याचेच उत्तर देते. नोकरी स्वीकारणे हा विश्वासघात नाही आणि हप्ते तोंडावर आलेले असताना तुम्ही ती स्वीकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मनात नोकरीचे ठरवून मित्रांना शेवटच्या आठवड्यापर्यंत अंधारात ठेवलेत, तर मात्र त्यांना दुखावले जाण्याचा पूर्ण अधिकार राहील. म्हणून निर्णय झाला की त्याच दिवशी त्यांना सांगा.

संधी पुन्हा येणार नाही, या म्हणण्याला फारसा आधार नाही. अमेरिकेतील नव्या कंपन्यांच्या एका मोठ्या अभ्यासात सर्वाधिक वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचे सुरुवातीचे सरासरी वय ४५ च्या आसपास आढळले होते. जोसेफ रॅफी आणि जिए फेंग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, नोकरी सांभाळून व्यवसाय सुरू केलेल्या आणि नंतर त्यात पूर्णवेळ उतरलेल्या लोकांचा व्यवसाय बंद पडण्याचा धोका, थेट नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. यामागचे एक कारण असे की, या काळात माणसाला आपली कल्पना आणि स्वतःची कुवत कमी खर्चात पारखून घेता येते आणि जे जमणार नाही ते वेळीच सोडता येते.

आता त्या सहा दवाखान्यांकडे वळू, कारण तुमचा खरा निर्णय तिथे दडलेला आहे. फुकट मिळणारी सोय वापरणारा माणूस अजून ग्राहक झालेला नसतो. त्याने केलेले कौतुक मनापासूनचे असले, तरी त्यावरून त्याची गरज किती निकडीची आहे हे कळत नाही. रुजू होण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत तिघांनी मिळून सहाही डॉक्टरांना भेटावे आणि पुढील महिन्यापासून ठरावीक मासिक शुल्क लागेल, असे संकोच न करता सांगावे. कोण पैसे देतो, कोण घासाघीस करतो आणि कोण हे न वापरताही आपले भागते म्हणतो, हे नीट लिहून ठेवा. नकार देणाऱ्याला सध्या तो वेळा कशा लावतो हे अवश्य विचारा, कारण तुमची खरी स्पर्धा बहुधा स्वागतकक्षातल्या वहीशी आहे. त्याबरोबरच प्रत्येक दवाखान्याच्या तक्रारी सोडवण्यात तुमचे किती तास जातात, याचाही हिशेब ठेवा. शुल्क त्या श्रमांपेक्षा कमी पडत असेल, तर दवाखाने वाढतील तसा तोटाही वाढेल.

उद्योजकतेच्या अभ्यासक सारस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीवरून परवडणाऱ्या नुकसानीचे तत्त्व मांडले आहे: किती मिळेल याच्या अंदाजापेक्षा, सगळे बुडाले तरी आपण किती सोसू शकतो, यावरून पाऊल ठरवावे. ही मर्यादा तिघांची सारखी नसणार. ज्याच्यावर कर्ज नाही त्याने पूर्णवेळ व्यवसाय करणे आणि तुम्ही संध्याकाळचे काही तास देणे, यात कोणाचीच निष्ठा कमी ठरत नाही.

तासांप्रमाणे हिस्सेही मात्र बदलले पाहिजेत आणि ते कागदावर आले पाहिजेत. अनेक नव्या कंपन्यांत संस्थापकांचा हिस्सा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने त्यांच्या नावे होतो आणि पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी बाहेर पडणाऱ्याला काहीच मिळत नाही. तुम्हीही अशीच अट घाला. सॉफ्टवेअरची मालकी कोणाची आणि एकाने सोडल्यास त्याच्या कामाचे काय, हेही त्यात लिहा. बहुतेक प्रोग्रामिंग तुमचे असल्यामुळे हा विषय काढणे तुम्हाला स्वार्थीपणाचे वाटेल, पण या गोष्टी मोघम राहिल्या तर मैत्री आणि व्यवसाय दोन्ही एकदमच तुटण्याची भीती असते.

नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील दोन कलमे शांतपणे वाचा: बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का आणि नोकरीच्या काळात तुम्ही तयार केलेल्या गोष्टींवर कंपनी हक्क सांगते का. तसे असल्यास आधीपासून चालू असलेल्या या कामाची लेखी माहिती देऊन लेखी परवानगी मागा. कंपनीचा संगणक आणि कामाची वेळ यासाठी कधीही वापरू नका. परवानगी नाकारली गेली, तर सही करण्याआधी मित्रांबरोबर पुन्हा बसा. तोवर डॉक्टरांची उत्तरेही तुमच्या हाती आलेली असतील.