चौथीतल्या मुलाला उष्णता कशी पसरते आणि वारा का सुटतो, हे कसं समजवायचं?

चहातला चमचा, उकळणारं पाणी, शेकोटी हे सगळं पुस्तकात आहेच, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. फक्त 'गरम हवा वर जाते' एवढं एकच वाक्य पोराच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. या अर्धवट वाक्याने आमच्या घरात फार डोकं उठवलंय.

आम्ही नवी मुंबईत ऐरोलीला राहतो, जुन्या चार मजली बिल्डिंगमध्ये, सगळ्यात वर. आमच्या दाजींचं ठाम मत, की उष्णता वर चढते, त्यामुळे खालच्या सगळ्या घरांची गरमी आमच्याकडे येऊन साठते. दर उन्हाळ्यात येतात, बनियनवर पंख्याखाली बसतात आणि ऐकवतात, "टॉप फ्लोअर घेतलात ना, आता भोगा!" अहो दाजी, मध्ये स्लॅब आहेत! वर जाते ती तापलेली हवा, आणि ती काही सिमेंटमधून आरपार जात नाही. उष्णतेला स्वतःला वर-खाली असं काही नसतं. जास्त गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे, वाट मिळेल तिकडे ती जाते. आमच्याकडे ती वरून खाली येते.

मुलाला हे दाखवता येतं. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या कुणाच्याही घरी सकाळी दहाला स्टुलावर चढून छताला हात लावायला सांगा. बाहेर ऊन रणरणतंय, पण छत त्यामानाने गार. रात्री नऊला परत लावा. सूर्य केव्हाच बुडालाय आणि हाताला चांगली धग लागते. गच्चीवरचं ऊन स्लॅबमधून खाली झिरपायला काही तास घेतं, ते वहन. मग तापलेलं छत रात्री उशिरापर्यंत आपल्या डोक्यावर उष्णता फेकत राहतं, ते प्रारण. त्याला मध्ये हवा लागतच नाही, सूर्याची उष्णता 15 कोटी किलोमीटरवरून अशीच येते. छताजवळची गरम हवा पंखा खाली ढकलतो, ते अभिसरण, जरा जबरदस्तीचं. एकाच खोलीत उष्णता पसरण्याचे तिन्ही प्रकार झाले.

पुढे सोसायटीत भांडून गच्चीला पांढरा रंग लावून घेतला. त्या उन्हाळ्यात रात्रीचं छत पहिल्यासारखं शेकेना. खालचे शेजारी तेच, त्यांचे गॅस-फ्रीज तेच. दाजी म्हणाले, "यंदा ऊनच कमी आहे."

असो, वाऱ्याकडे येतो. हवेला वजन असतं हे आधी सांगा, मुलांना ते खरंच वाटत नाही. दहा बाय दहाच्या खोलीतली हवा तीसेक किलो भरते, म्हणजे जवळजवळ तुमच्या चौथीतल्या मुलाएवढी. तापली की ती पसरते, तेवढ्याच जागेत कमी मावते, म्हणून हलकी पडते. मग शेजारची गार, जड हवा खालून घुसून तिला वर उचलते. ही आडवी घुसणारी हवा म्हणजे वारा. एसीची खोली गार झाली की एसी-पंखे बंद करून दार चार बोटं उघडा. फटीत जमिनीजवळ उदबत्ती धरली तर धूर हॉलकडे पळतो, चौकटीच्या वरच्या टोकाला धरली तर खोलीत शिरतो.

समुद्रकाठी हेच मोठ्या प्रमाणावर होतं. पाणी तापायला तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पाचेकपट उष्णता लागते, म्हणून दुपारी जमीन तापलेली आणि समुद्र गार. तिकडून येतात ते खारे वारे, रात्री उलटे वाहतात ते मतलई. मार्चमध्ये पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला की खारा वारा उशिरा सुटतो आणि त्या दिवशी पारा भलताच चढतो. आपल्याकडे ठाणे-ऐरोलीला तो मुंबईच्या समुद्रकाठच्या कुलाब्यानंतर पोचतो, त्यामुळे आपण जास्त भाजतो.

पावसाळ्यात मात्र हे बघायला जाऊ नका, तेव्हा नैऋत्य मोसमी वाऱ्यापुढे खारे-मतलईचं काही चालत नाही. पृथ्वी फिरते म्हणून मोठे वारे वळतात, तेही आत्ता नको. छताला हात लावण्याआधी पंखा बंद करा, स्टूल तुम्ही धरा. आणि घरात कुणी दाजी असतील तर आधी त्यांना चढवा. आमचे गुडघ्याचं कारण सांगून टाळतात.